पट्टीमागे पट्टी: कॉम्प्युटरचा आवाज नेमका कोण ठरवतं

यूट्यूबची पट्टी पूर्ण, टास्कबारवरचा आकडा १००, स्पीकरचा नॉब अर्ध्याच्या पुढे, आणि तरी आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा. किंवा नेमकं उलट: सिस्टीमचा आवाज २० वर ठेवलाय, आणि मीटिंगमध्ये कुणी "हॅलो, येतोय का आवाज?" म्हटलं की कानठळ्या. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. डेस्कटॉपवर आवाजाची पट्टी एक नसते, एकामागे एक अशा चार-पाच असतात, आणि प्रत्येकीचं मोजमाप वेगळं असतं. (गाणाऱ्यांची पट्टी निराळी. इथे पट्टी म्हणजे स्लायडर.)

आवाज फाइलमधून निघून कानापर्यंत येताना वाटेत कोण कोण भेटतं ते आधी पाहू. सगळ्यात आधी वेबसाइट किंवा प्लेयर स्वतःहून जी पातळी ठरवतो ती. मग प्लेयरच्या खिडकीतली पट्टी. मग ऑपरेटिंग सिस्टीमच्या मिक्सरमध्ये त्या अॅपच्या नावाने असलेली पट्टी. मग सिस्टीमची पट्टी. ही खरं तर सगळ्या कॉम्प्युटरची नसते, त्या वेळी निवडलेल्या एका आउटपुटची असते. आणि शेवटी हार्डवेअर: स्पीकरचा नॉब, ब्लूटूथ हेडफोनची स्वतःची बटणं, टीव्हीचा रिमोट.

या पट्ट्यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. प्लेयर निम्म्यावर, मिक्सर निम्म्यावर, तर हातात पाव उरतो. आणि वाटेत एखादी पट्टी शून्यावर असेल, तर बाकीच्या कितीही ताणल्या तरी उत्तर शून्यच. म्हणून "सगळं फुल केलंय" या वाक्याला अर्थ नसतो. दिसणाऱ्या पट्ट्या फुल केलेल्या असतात. अडलेली असते ती न दिसणारी.

निम्मा म्हणजे किती?

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, कारण "५०" हा आकडा प्रत्येक पट्टीवर वेगळी गोष्ट सांगतो.

ध्वनिलहरीची उंची निम्मी केली की आवाज ६ डेसिबलने उतरतो. पण कानाला तो निम्मा वाटत नाही. साधारण १० डेसिबल उतरल्यावर माणूस म्हणतो, "हां, आता निम्मा झाला." त्यामुळे सरळ गुणणारी पट्टी वापरायला चमत्कारिक लागते: १०० पासून ५० पर्यंत फारसा फरक जाणवत नाही, आणि १० च्या खाली आल्यावर प्रत्येक टिचकीला आवाज कोसळतो. यावर उपाय म्हणून बऱ्याच प्रोग्रॅममध्ये पट्टीच्या आकड्याचा घन करून मग त्याने गुणतात. ०.५ चा घन ०.१२५, म्हणजे ५० वर लहरीची उंची एक अष्टमांश, म्हणजे सुमारे १८ डेसिबल खाली. लिनक्सवर आवाज सांभाळणारा पल्सऑडिओ हा प्रोग्रॅम हेच करतो. तिथे १०० म्हणजे शून्य डेसिबल, ८० म्हणजे उणे ५.८, ५० म्हणजे उणे १८, २५ म्हणजे उणे ३६ आणि १० म्हणजे उणे ६०.

विंडोजवर मात्र एकाच खिडकीत दोन कायदे चालतात. मिक्सरमधली अॅपची पट्टी सरळ गुणते: ५० म्हणजे उणे ६ डेसिबल. सिस्टीमची पट्टी कानाच्या हिशेबाने वाकवलेली असते, आणि तिची वाकणूक साउंड कार्डाच्या ड्रायव्हरवर अवलंबून असते. आपल्या मशीनवर ती किती आहे ते पाहायची सोय विंडोजमध्येच आहे, फक्त ती कुणी दाखवत नाही. सेटिंग्ज, सिस्टीम, साउंड असं जाऊन खाली 'मोअर साउंड सेटिंग्ज' उघडा. जुनी, ओळखीची साउंडची खिडकी येईल. प्लेबॅक टॅबमध्ये आपल्या स्पीकरवर डबल क्लिक, मग लेव्हल्स टॅब. तिथे आकड्याच्या चौकटीवर राइट क्लिक केलं की 'डेसिबल्स' हा पर्याय येतो. तो निवडा आणि पट्टी हळूहळू ओढत आकडे वाचा. ५० वर काय दिसतं, ३० वर काय दिसतं, हे एकदा पाहिलं की "विसावर ठेवूनही एवढा मोठा कसा" हा प्रश्न बहुधा पडत नाही.

या दोन कायद्यांचा तिढा कुठे दिसतो? व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरमध्ये. विंडोजवर व्हीएलसी स्वतःच्या पट्टीने आवाज स्वतः कमी करत बसत नाही; तो मिक्सरमधली स्वतःच्या नावाची पट्टीच हलवतो. पण हलवताना घन करतो. म्हणून व्हीएलसीमध्ये ५० केलं की विंडोज ११ च्या मिक्सरमध्ये व्हीएलसीसमोर १२-१३ दिसतं, आणि ८० केलं की ५१ च्या आसपास. लोकांना वाटतं विंडोजने परस्पर आवाज पाडला. कुणीही काही पाडलेलं नसतं. एकच पट्टी दोन ठिकाणी दोन भाषांत लिहिलेली असते. मिक्सरमध्ये जाऊन ती १०० केलीत तर व्हीएलसीचीही १०० होईल. १०० च्या पुढचा भाग, म्हणजे व्हीएलसीमधले १२५ पर्यंतचे आकडे, मिक्सरला सांगताच येत नाहीत. तिथे व्हीएलसी स्वतः लहर मोठी करतो. १.२५ चा घन साधारण १.९५, म्हणजे जवळपास ६ डेसिबल जास्तीचे. आवाज मुळातच मोठा असेल तर इथून तो फाटायला लागतो, आणि फाटलेला आवाज पुढच्या पट्ट्यांनी कमी केला तरी फाटलेलाच राहतो. मुळात हळू रेकॉर्ड झालेल्या जुन्या नाटकाला किंवा कीर्तनाला १२५ लावा, हरकत नाही. हल्लीच्या सिनेमाच्या गाण्याला नको.

विंडोजचा मिक्सर: तेव्हाचा आणि आताचा

एक्सपीच्या काळात अॅपनिहाय पट्टी नव्हतीच. मिक्सरमध्ये 'वेव्ह', 'सीडी', 'लाइन इन' असे मार्ग असायचे आणि बरेच प्लेयर स्वतःचा आवाज कमी करायला सगळ्यांची सामायिक 'वेव्ह' पट्टीच खाली ओढायचे. गाणं हळू केलं की गेमही हळू. २००७ मध्ये बाजारात आलेल्या व्हिस्टाने हे मोडलं आणि प्रत्येक अॅपला वेगळी पट्टी दिली.

व्हिस्टापासून विंडोज १० पर्यंतच्या मिक्सरची एक खोड आहे. तो अॅपची पट्टी सिस्टीमच्या पट्टीच्या तुलनेत दाखवतो. सिस्टीम ६० वर असेल तर "पूर्ण" असलेलं अॅपही ६० वर उभं दिसतं. सिस्टीमची पट्टी खाली ओढली की सगळी अॅपं आपापलं प्रमाण राखून खाली उतरतात. आणि एखाद्या अॅपची पट्टी सिस्टीमच्या वर ढकलली, तर ती सिस्टीमलाही बरोबर वर घेऊन जाते. विंडोज ११ च्या सेटिंग्जमधला मिक्सर तसं करत नाही. तिथे प्रत्येक अॅप शून्य ते शंभर, स्वतंत्र. सवय जुन्याची असेल तर नव्यात फसायला होतं: अॅपसमोर १०० पाहून "अरे, हे फुल कुणी केलं" म्हणून लोक ते कमी करतात. तिथे १०० असणं हीच सामान्य स्थिती आहे. जुना मिक्सरच हवा असेल तर तो अजून आत आहे. रन खिडकीत एस-एन-डी-व्ही-ओ-एल ही अक्षरं सलग टाइप करून एंटर मारा. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्यांत विंडोज, कंट्रोल आणि व्ही ही तीन बटणं एकत्र दाबली की छोटा मिक्सर लगेच उघडतो.

मिक्सर उघडण्याआधी अॅपमध्ये काहीतरी वाजवायला लावा. अॅपने आवाजाचा मार्ग उघडलेला नसेल तर त्याचं नाव यादीत येतच नाही, आणि माणूस नसलेली पट्टी शोधत बसतो.

विंडोज प्रत्येक अॅपचा आकडा लक्षात ठेवतं, आणि तोही आउटपुटगणिक. तीन महिन्यांपूर्वी एखाद्या जाहिरातीला कंटाळून ब्राउझर मिक्सरमधून म्यूट केला असेल, तर तो आजही म्यूटच असणार, कॉम्प्युटर शंभरदा बंद-चालू केला तरी. शिवाय विंडोज ११ च्या सेटिंग्जमधल्या मिक्सरच्या पानावर प्रत्येक अॅपसाठी आउटपुटही वेगळं निवडता येतं. ही सोय उत्तम आहे आणि घोटाळ्याचं आगरही. एचडीएमआयने जोडलेल्या मॉनिटरकडे आवाज पाठवायला सांगितलेला असतो, मॉनिटरला स्पीकरच नसतात, आणि पट्टी कितीही हलवा, शांतता. त्याच पानावर 'रीसेट' बटण आहे. ते सगळ्या अॅपचे आकडे आणि आउटपुट मूळपदावर आणतं. कारण शोधण्यात रस नसेल तर तेच आधी दाबावं.

आणि एक पट्टी लोक विसरतात: 'सिस्टीम साउंड्स'. रात्री हेडफोन लावून काम करताना ईमेलच्या टिंगने दचकायला होत असेल तर गाण्याचा आवाज कमी करू नका, ही पट्टी १०-१५ वर आणा.

कुणी न सांगता आवाज उतरवतं तेव्हा

कॉल सुरू झाला की गाणं आपोआप हळू होतं आणि कॉल संपल्यावरही कधी कधी तसंच राहतं. ही विंडोजची जाणूनबुजून दिलेली सोय आहे. अॅपने "हा संभाषणाचा आवाज आहे" असं सांगितलं की विंडोज इतरांचा आवाज ८० टक्क्यांनी उतरवतं. 'मोअर साउंड सेटिंग्ज'च्या खिडकीत शेवटचा टॅब 'कम्युनिकेशन्स' आहे. तिथे चार पर्याय आहेत: बाकीचे आवाज म्यूट, ८० टक्के कमी, ५० टक्के कमी, आणि काहीही न करणं. चौथा निवडा. मिक्सरमधल्या एकाही पट्टीवर ही कपात दिसत नाही, म्हणून ती शोधून सापडत नाही.

यूट्यूब दुसरा. तिथे मोठ्या आवाजात चढवलेला व्हिडिओ यूट्यूब स्वतः खाली आणतं. व्हिडिओवर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा. त्यात व्हॉल्यूमच्या ओळीत दोन टक्केवाऱ्या आणि कंसात डेसिबल दिसतात. समजा १००, मग ६३, आणि कंसात ४ डेसिबल. अर्थ असा: तुमची पट्टी पूर्ण आहे, पण व्हिडिओ ठरलेल्या पातळीपेक्षा ४ डेसिबल मोठा असल्यामुळे यूट्यूबने लहर ६३ टक्क्यांवर आणली. (४ डेसिबल कमी म्हणजे ०.६३ ने गुणणं, हिशेब चोख आहे.) कंसातला आकडा उणे असेल तर व्हिडिओ मुळातच हळू आहे. आणि इथे मेख आहे: हळू व्हिडिओ यूट्यूब वर उचलत नाही. तेव्हा दुसरी टक्केवारी १०० च राहते. आकाशवाणीच्या जुन्या ध्वनिमुद्रणांसारखं काही उणे १० वर असेल, तर कॉम्प्युटरमध्ये कुठलीही पट्टी "बिघडलेली" नाही. सिस्टीम किंवा नॉब वाढवणं हाच मार्ग. आणि पुढच्या व्हिडिओआधी तो परत खाली आणणं, हेही आलंच.

ब्राउझरबद्दल एक गोष्ट लक्षात असू द्या. विंडोजच्या मिक्सरला क्रोम म्हणजे एकच अॅप दिसतं, आत वीस टॅब असले तरी. एका टॅबमध्ये मीटिंग आणि दुसऱ्यात गाणं असेल तर मिक्सरमधून त्यांचा तोल साधता येणार नाही. टॅबच्या नावावर राइट क्लिक करून अख्खी साइट म्यूट करता येते, पण पट्टी मिळत नाही. साधा उपाय: मीटिंग एका ब्राउझरमध्ये, गाणं दुसऱ्यात. दोन ब्राउझर म्हणजे मिक्सरमध्ये दोन पट्ट्या.

तिसरा प्रकार उलट्या दिशेचा, मायक्रोफोनचा. झूमच्या ऑडिओ सेटिंग्जमध्ये मायक्रोफोनचा आवाज आपोआप जुळवण्याची खूण असते. ती चालू असताना अॅप सिस्टीमची मायक्रोफोनची पट्टी स्वतः हलवतं. तुम्ही लेव्हल्समध्ये जाऊन ७० करता, पाच मिनिटांनी तिथे ४० असतं. रेकॉर्डिंगसाठी पातळी नक्की करायची असेल तर आधी ही खूण काढा, मग सिस्टीममध्ये आकडा लावा. उलट्या क्रमाने केलं तर मेहनत वाया.

मग कुठली पट्टी कशासाठी?

नेटवर एक सल्ला फार फिरतो: अॅपची पट्टी कायम १०० वर ठेवा, नाहीतर क्वालिटी जाते. त्यामागे तथ्य आहे, पण थोडं. डिजिटल आवाज ६ डेसिबलने कमी केला की एक बिट, म्हणजे लहरीचा आकडा लिहायची एक जागा, खर्च होतो. १६ बिटच्या आउटपुटवर २४ डेसिबल कमी केलं की चार बिट गेले, हे खरं. पण विंडोज आतला हिशेब ३२ बिट दशांश आकड्यांत करतं, आणि आउटपुट २४ बिटवर ठेवलं तर १६ बिटच्या गाण्याखाली आठ बिट म्हणजे ४८ डेसिबलची मोकळी जागा उरते. तेवढं खाली कुणी ऐकत नाही. स्पीकरच्या प्रॉपर्टीजमध्ये अॅडव्हान्स्ड टॅबवर २४ बिट, ४८००० हर्ट्झ निवडा आणि ही चिंता सोडून द्या.

खरी अडचण बिटांची नाही, खरखरीची आहे. साउंड कार्ड आणि स्पीकरमधला अॅम्प्लिफायर स्वतःची थोडी सूं-सूं घालतात, आणि ती कॉम्प्युटरमधल्या सगळ्या पट्ट्यांच्या नंतर मिसळते. त्यामुळे सिस्टीम १५ वर ठेवून नॉब पूर्ण उघडला, तर गाण्याबरोबर कार्डाची सूं-सूंही तेवढीच मोठी होते, आणि गाणं थांबलं की ती ठळक ऐकू येते. सिस्टीम वर ठेवून नॉब खाली ठेवला की ती गाण्याच्या खाली बुडते. डेस्कटॉपला पुढच्या बाजूच्या जॅकमध्ये हेडफोन लावला की माउस हलवताना जी चिरचिर येते, तिचंही हेच.

म्हणून वाटणी अशी करावी. नॉब एकदाच लावायचा. सिस्टीम ८० वर, अॅप १०० वर, आणि नेहमीच्या पातळीचं एखादं गाणं लावा. यूट्यूबवर असेल तर स्टॅट्समध्ये डेसिबलचा आकडा शून्याच्या आसपास असलेलं निवडा. नॉब शून्यापासून हळूहळू वाढवत न्या आणि त्या खोलीत तुम्हाला कधीही हवा असेल तेवढा मोठा आवाज झाला की थांबा. तिथे पेनाने खूण करा. वूफर असलेल्या २.१ च्या सेटला बऱ्याचदा नॉब मागे किंवा खाली वूफरच्या डब्यावर असतो, म्हणजे खूण केलेली बरी, कारण झाडताना तो हमखास फिरतो. यानंतर रोजचं कमी-जास्त फक्त सिस्टीमच्या पट्टीने, म्हणजे कीबोर्डच्या बटणांनी. विंडोजवर एका दाबाला २ चा फरक पडतो, तेवढा पुरेसा बारीक आहे. अॅपच्या पट्ट्या फक्त आपसातला तोल साधायला: मीटिंग १००, गाणं ४०, सूचना १५. एकदा लावून विसरून जायच्या.

यात एक अपवाद आहे, स्क्रीन रेकॉर्डिंगचा. शिकवण्याचे व्हिडिओ करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की अॅपची पट्टी कमी केली तर रेकॉर्डिंगमध्येही त्या अॅपचा आवाज कमी येतो. सिस्टीमच्या पट्टीचा परिणाम विंडोजवर सहसा रेकॉर्डिंगवर होत नाही. स्वतःला हळू ऐकायचं असेल तर सिस्टीम कमी करा, अॅपला हात लावू नका.

लिनक्सवाल्यांसाठी

लिनक्सवर पट्ट्या पाहायला 'पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल' हा प्रोग्रॅम घ्या. तो पल्सऑडिओवर चालतो तसाच पाइपवायरवरही चालतो. फेडोरा ३४ पासून, म्हणजे २०२१ पासून, आणि उबुंटू २२.१० पासून पाइपवायरच आवाज सांभाळतं, तरी खिडकी तीच. 'प्लेबॅक' टॅबमध्ये अॅपच्या पट्ट्या, 'आउटपुट डिव्हाइसेस'मध्ये सिस्टीमच्या. प्रत्येक पट्टीसमोर टक्के आणि डेसिबल दोन्ही लिहिलेले असतात, ही विंडोजपेक्षा मोठी सोय. दोन्ही पट्ट्यांना घनाचाच कायदा असल्यामुळे गुणाकारही साधा राहतो: अॅप ५० आणि सिस्टीम ५० म्हणजे एकट्या पट्टीवरचं २५.

पट्टी १५३ पर्यंत जाते, तो आकडा ११ डेसिबलचा आहे. ग्नोम हा डेस्कटॉप असेल तर साउंडच्या सेटिंग्जमध्ये 'ओव्हर-अॅम्प्लिफिकेशन' चालू केलं की १५० पर्यंत. व्हीएलसीबद्दल जे वर लिहिलं तेच इथेही लागू: हळू रेकॉर्डिंगला ठीक, बाकीच्यांना फाडेल.

पण लिनक्सची खरी कथा 'फ्लॅट व्हॉल्यूम्स'ची आहे. पल्सऑडिओच्या ०.९.१५ या आवृत्तीत, २००९ साली, ती आली. कल्पना व्हिस्टाच्या मिक्सरशी मिळतीजुळती: अॅप आणि सिस्टीम अशा दोन पट्ट्या कशाला, सगळ्यात मोठ्याने वाजणारं अॅप ज्या पातळीवर असेल तीच सिस्टीमची पातळी. कागदावर छान. प्रत्यक्षात सिस्टीम ३० वर असताना एखाद्या अॅपने सुरू होताच स्वतःला १०० वर नेलं की सिस्टीमही १०० वर. हेडफोन कानात असेल तर काय होतं ते सांगायला नको. अॅप लिहिणाऱ्याच्या डोक्यात "माझी पट्टी पूर्ण" एवढंच असतं. ती पूर्ण म्हणजे कॉम्प्युटरची पूर्ण, हे त्याला ठाऊक नसतं. उबुंटूने ही सोय बंद करूनच पल्सऑडिओ दिलं, आणि माझ्या मते तेच शहाणपणाचं होतं. पाइपवायरमध्ये ती नाहीच. अजून पल्सऑडिओवर असाल आणि एका अॅपची पट्टी हलवताना सिस्टीमची पट्टी सोबत हलत असेल, तर ईटीसी फोल्डरातल्या पल्स या उपफोल्डरात डीमन डॉट कॉन्फ ही फाइल रूटच्या हक्काने उघडा. 'फ्लॅट-व्हॉल्यूम्स'ची ओळ शोधा, सुरुवातीचा अर्धविराम काढा, बरोबरच्या चिन्हापुढे येस असेल तिथे नो करा, आणि लॉगआउट करून परत या. अर्धविराम काढायचा राहिला तर ओळ टिप्पणी म्हणून सोडून दिली जाते आणि काहीच बदलत नाही. अर्धे लोक इथेच अडकतात.

या सगळ्याच्या खाली लिनक्सवर आणखी एक मजला आहे, साउंड कार्डाशी थेट बोलणाऱ्या अल्साचा. वरच्या खिडकीत सगळं १०० आणि मीटर हलतंय, पण स्पीकर गप्प, तर टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर चालवा. सुरुवातीला त्यात बहुधा एकच 'मास्टर' दिसतो, तो खरा नसतो, वरच्या मजल्याचा असतो. एफ ६ दाबून खरं साउंड कार्ड निवडा. मग 'मास्टर', 'हेडफोन', 'स्पीकर', 'पीसीएम' अशा उभ्या पट्ट्या येतील. पट्टीच्या तळाशी दोन शून्यं म्हणजे चालू, दोन एम म्हणजे म्यूट. बाण वापरून तिथे जा आणि एमचं बटण दाबा. हेडफोन काढल्यावरही स्पीकर वाजत नसतील किंवा हेडफोन लावूनही स्पीकर वाजत राहत असतील, तर उजवीकडे सरकत 'ऑटो-म्यूट मोड' गाठा आणि त्याची स्थिती बदलून पाहा.

मॅकबद्दल लिहिण्यासारखं थोडंच आहे, कारण मॅकमध्ये अॅपनिहाय मिक्सर मुळातच दिलेला नाही. सूचनांच्या आवाजाची वेगळी पट्टी आहे, बाकी सगळं एका पट्टीत. अॅपनिहाय हवं असेल तर 'बॅकग्राउंड म्युझिक' हा मुक्त प्रोग्रॅम किंवा 'साउंडसोर्स' हा विकतचा घ्यावा लागतो. बटणाच्या सोळा पायऱ्या फार मोठ्या वाटत असतील तर ऑप्शन आणि शिफ्ट धरून आवाजाचं बटण दाबा, प्रत्येक पायरीचे चार भाग होतात. रात्रीच्या वेळी याचा फार उपयोग.

जिथे पट्टी चालतच नाही

एचडीएमआयने टीव्ही जोडून मॅकवर पट्टी ओढायला जाल तर ती बहुतेक वेळा राखाडी, जागची हलत नाही. तिथे आवाज टीव्हीच्या रिमोटनेच. कुठल्याही सिस्टीमवर डॉल्बीचा आवाज न उलगडता तसाच होम थिएटरच्या रिसीव्हरकडे पाठवत असाल तर तेच: त्या तारेतून लहर जात नसते, बांधलेलं पुडकं जातं, आणि बांधलेल्या पुडक्याला ०.५ ने गुणता येत नाही.

विंडोजमधला 'एक्सक्लुझिव्ह मोड' जास्त धोक्याचा. काही म्युझिक प्लेयर साउंड कार्ड एकट्यासाठी ताब्यात घेतात. मग इतर अॅपं गप्प होतात, मिक्सरमधली त्या प्लेयरची पट्टी निरुपयोगी होते, आणि कार्डात स्वतःचं व्हॉल्यूम नसेल तर सिस्टीमची पट्टीही. सिस्टीम १० वर आहे म्हणून निर्धास्त हेडफोन घालून प्ले दाबलं आणि पूर्ण ताकदीने आवाज आला, हे अशाने होतं. पहिल्यांदा वाजवताना हेडफोन गळ्यात ठेवा. हा प्रकार नकोच असेल तर स्पीकरच्या प्रॉपर्टीजमध्ये अॅडव्हान्स्ड टॅबवर 'एक्सक्लुझिव्ह कंट्रोल'ची खूण काढून टाका.

ब्लूटूथ हेडफोनमध्ये दोन शक्यता असतात. हेडफोन आणि कॉम्प्युटर एकमेकांना पातळी सांगत असतील तर दोघांची मिळून एकच पट्टी. हेडफोनवर बटण दाबलं की स्क्रीनवरचा आकडाही हलतो. तसं होत नसेल तर दोन वेगळ्या पट्ट्या, पुन्हा गुणाकार. तेव्हा हेडफोनची पट्टी त्याच्याच बटणांनी वर नेऊन ठेवा आणि कमी-जास्त कॉम्प्युटरवरून करा. आधी कॉम्प्युटर खाली आणा, मग हेडफोन वर, या क्रमाने. शिवाय मीटिंगमध्ये हेडफोनचा माइक चालू झाला की तो संभाषणाच्या वेगळ्या मार्गावर जातो. आवाज मोनो आणि टेलिफोनसारखा बोदा होतो, आणि विंडोज १० मध्ये तर तो यादीतही 'हँड्स-फ्री' नावाचं निराळं उपकरण म्हणून दिसतो. त्याची पट्टीही निराळी. गाण्यासाठी लावलेले ६० तिथे लागू नसतात, कधीकाळी कुणीतरी लावलेले १०० असतात, आणि तो "हॅलो" तिथूनच आलेला असतो.